अंतरपाट आणि रिकामा पाट

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली तिथल्या ठोसरांच्या घरात जन्मलेला नारायण, बारा वर्षांचा असताना, भटजींच्या तोंडून 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळाला, ही गोष्ट आमच्या जालना जिल्ह्यात शाळेत जायच्या आधीच कानावर पडते. मध्यंतरी एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलांना याच गोष्टीचा पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. हाताशी एक मोबाईल, एका मुलाच्या घरचा जुना वाडा आणि खर्चायला काहीच नाही. मुलांनी कागदावर लिहून आणलं होतं : नवरदेव बोहल्यावरून उठतो, मांडवातून पळतो, सात फुटी भिंतीवर चढतो, पलीकडे उडी मारतो, मागे पन्नास माणसं धावतात.

"उडी कोण मारणार?" मी विचारलं.

"मीच मारतो ना, काका," नवरदेव म्हणाला.

ती उडी आम्ही घेतली नाही. भिंत घेतली नाही आणि पन्नास माणसंही घेतली नाहीत. घेतलं ते एवढंच. आधी चौकटभर अंतरपाट : पांढऱ्या धोतराचं पान, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, दोन्ही टोकांना धरलेली बोटं, आणि कानावर मंगलाष्टकं. मग अंतरपाटाच्या खालून दिसणारे मुलाचे पाय. उजव्या पायाचा अंगठा पाटावर घासतोय. मग त्याचा चेहरा, अगदी जवळून. 'सावधान' हा शब्द या चेहऱ्यावर येतो. मुलगा काहीच करत नाही, फक्त त्याचे डोळे अंतरपाटावरून बाजूला सरकतात. पुन्हा अंतरपाट, आता तो एका कडेने असा हलतो की जणू शेजारून कुणी झपाट्याने गेलं. (एक मुलगा खाली बसून पुठ्ठ्याने वारा घालत होता.) शेवटी अंतरपाट खाली येतो आणि मागे रिकामा पाट दिसतो. त्या रिकाम्या पाटावर अक्षता पडतात.

सगळं मिळून बावीस सेकंद. पळणारा मुलगा कुठेच नाही. पण संमेलनात पडद्यावर अक्षता पडल्या तेव्हा सगळं पटांगण ओरडलं, "पळाला!"

हे कसं होतं, आणि मोबाईलवर घरच्या घरी कसं करायचं, ते आज सविस्तर सांगायचं आहे. मी पंचवीसेक वर्षं लग्नाची शूटिंग केली. आमच्या धंद्यात एडिटिंगला 'मिक्सिंग' म्हणतात. सुरुवातीला खांद्यावरचा कॅमेरा, व्हीएचएस कॅसेट आणि दोन व्हीसीआर शेजारी ठेवून एकावरून दुसरीवर उतरवणं. चुकलं की सगळं मागे घेऊन पुन्हा. त्या काळात एक सांधा जुळवायला अर्धा तास जायचा, म्हणून सांध्याचा विचार करायची सवय लागली. आज काइनमास्टर किंवा इनशॉटमध्ये बोटाने तुकडा कापता येतो. काम सोपं झालं, पण कुठे कापायचं हे ॲप सांगत नाही.

सांध्याचा इतका विचार करण्यामागे आणखी एक कारण आहे. मी या कामात नवखा होतो तेव्हा एका गणेश मंडळासाठी छोटी फिल्म करत होतो. एका पोराने गच्चीवरून कडब्याच्या गंजीवर उडी मारायची होती. पहिली उडी बरोबर पडली, पण मला ती आणखी उंच दिसायला हवी होती. दुसऱ्या उडीत तो गंजीच्या कडेला पडला. मनगट दोन ठिकाणी मोडलं, आत पट्टी बसवावी लागली. आजही त्या हाताने त्याला भरलेली बादली उचलवत नाही. कॅमेरा माझ्या खांद्यावर होता आणि 'अजून एकदा' हे शब्द माझे होते. नंतर घरी बसून ती कॅसेट पाहिली, तेव्हा लक्षात आलं की उडी दाखवायची गरजच नव्हती. गच्चीच्या कडेवरचे पाय, मग गंजीतून उडालेला भुसा, एवढ्यात काम झालं असतं.

म्हणून मुलांना मी पहिल्यांदा हे शिकवतो : घटना कॅमेऱ्यासमोर घडायला हवी, ही समजूत काढून टाका. ती दोन तुकड्यांच्या सांध्यात घडते. आधीचा आणि नंतरचा क्षण नीट दाखवला, तर मधला क्षण पाहणारा स्वतः भरतो, आणि त्याने भरलेला क्षण आपल्या सगळ्या साधनसामग्रीपेक्षा चांगला असतो.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. तमाशाच्या वगात प्रधानजी बोर्डावर एक गिरकी घेतात आणि दुसऱ्या गावाला पोचतात; वाट कुणी मागत नाही. कीर्तनात बुवा हात पुढे करतात, पखवाजावर एक थाप पडते आणि मारुती समुद्र ओलांडून जातो. हीच समज सिनेमाच्या भाषेत पहिल्यांदा तपासून पाहिली ती रशियात. १९२० च्या आसपास लेव्ह कुलेशोव्ह या तरुण दिग्दर्शकाने इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेऊन तो तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला : सूपचा वाडगा, शवपेटीतली मुलगी, कोचावरची स्त्री. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना एकदा भूक दिसली, एकदा शोक, एकदा ओढ. त्याचा सहकारी पुदोव्हकिन सांगतो की लोकांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली. आमच्या नवरदेवाचंही तेच. त्याने अभिनय जवळजवळ केलाच नव्हता.

यामागे डोळ्याचीही एक खोड आहे. आपली नजर सरळ सरकत नाही, ती उड्या मारते, सेकंदाला सुमारे तीनदा. प्रत्येक उडीच्या मधल्या क्षणी मेंदू चित्र जवळपास बंद ठेवतो, नाहीतर सगळं जग घसरल्यासारखं दिसलं असतं. म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यात दिवसभर अंतरपाट धरलेला असतोच. आपण तुकडा कापतो तेव्हा डोळ्याला ते ओळखीचं वाटतं.

आपल्याकडच्या सिनेमानेही हे फार लवकर ओळखलं. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये दादासाहेब फाळक्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. कृष्ण डोहात उतरतो, आत कालियाशी झुंज चालते, आणि मध्ये मध्ये काठावरची घाबरलेली माणसं दिसतात. पाण्यातली झुंज थोडकी आहे, काठावरच्या काळजीने ती मोठी होते. याच्या पुढच्या वर्षी, १९२० मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षक हादरले आणि तो प्रसंग पुढे काढून टाकावा लागला. बाबूरावांच्या हाताला तोड नव्हती. तरी मला वाटतं, एखादी गोष्ट पूर्ण दाखवता येते म्हणून दाखवावीच असं नाही, हे त्या कापलेल्या तुकड्यातून कळतं.

आणि 'सैराट'. २९ एप्रिल २०१६ ला आला तेव्हा आमच्याकडच्या थिएटरांत शेवटच्या दोन मिनिटांत कुणी हललं नव्हतं. आर्चीच्या माहेरची माणसं येतात, चहा होतो, लेकरू शेजारणीबरोबर बाहेर जातं. नागराज मंजुळे खून दाखवत नाहीत. लेकरू परत येतं, दारातून आत पाहतं, आणि मग रक्ताची छोटी पावलं उंबऱ्याबाहेर उमटत जातात. आवाज पूर्ण बंद. त्यांच्याच 'फँड्री'च्या शेवटी जब्या भिरकावतो तो दगड सरळ आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. दगड लागल्याचं दाखवलेलं नाही, तरी तो लागतो. मोबाईलवर शिकणाऱ्या मुलाने या दोन शेवटांचा प्रत्येक तुकडा कागदावर मांडून पाहावा. या दोन शेवटांत जी गोष्ट सर्वांत परिणामकारक आहे, ती कॅमेऱ्यापुढे घडवण्याचा खर्च शून्य आहे.

आता आमच्या मुलांनी पुढच्या वर्षी केलेला एक प्रसंग पूर्ण उलगडून दाखवतो. गोष्ट साधी होती : भावाशी भांडून पळत सुटलेला मुलगा विहिरीत पडतो. जागा अंबडच्या बाजूची, मोसंबीच्या बागेतली एक जुनी बांधीव विहीर. आमच्या जिल्ह्यात विहिरी आणि शेततळी दोन्ही गावोगाव आहेत. शेततळ्याचा विचार मी पहिल्याच बैठकीत मोडून काढला. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की पाय ठरत नाही आणि पोहणारा माणूससुद्धा उतारावरून वर येऊ शकत नाही. तिथे 'फक्त काठावर उभा राहतो' असंही करायचं नाही. विहिरीबद्दल नियम घातला : कुठल्याही मुलाने काठापासून दहा फुटांच्या आत यायचं नाही, आणि विहिरीवर जे काही करायचं ते दोन मोठी माणसं करतील.

पहिला तुकडा लांबचा. मोबाईल दोन विटांमध्ये अडकवून जमिनीलगत ठेवला. झाडांच्या दोन ओळींमधून मुलगा धावत येतो, चौकटीच्या उजव्या टोकाला विहिरीचा काठ दिसतो. प्रत्यक्षात तो विहिरीच्या बाजूने, बरंच अंतर राखून, धावत पुढे गेला. पण कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, त्याला खोली कळत नाही. लांब उभं राहून दुप्पट झूम केला की मागचं आणि पुढचं एकमेकांना चिकटतं. तो काठाकडेच धावतोय असं वाटलं. हा तुकडा आम्ही पूर्ण चार सेकंद ठेवला. पाहणाऱ्याला विहीर आहे हे आधी नीट कळलं पाहिजे. नंतर ती दिसणारच नाही, म्हणून इथे घाई करायची नाही.

मग पाय. धावणारी पावलं, तुटक्या पट्ट्याची चप्पल. त्यानंतर पाय घसरतो. हा तुकडा विहिरीपासून दोनशे पावलं लांब, बांधावरच्या दगडांच्या ढिगाजवळ, सपाट जमिनीवर घेतला. विहिरीच्या काठाचे दगड आणि ढिगाचे दगड एकाच काळ्या बेसाल्टचे; जवळून घेतल्यावर कुठले कोणते हे कुणी सांगू शकत नाही. मुलगा फक्त टाच टेकवून मुरूम पुढे ढकलतो. खडे घरंगळतात. मोबाईल सेकंदाला तीस चित्रं घेतो. त्यातली बाराच ठेवली, अर्ध्या सेकंदाहूनही कमी. मुलांनी आधी दोन सेकंद ठेवलं होतं. दोन सेकंदांत पाय घसरत नाही, तो घसरण्याचा अभिनय करतो, हे त्यांना दाखवून दिलं तेव्हा त्यांनी स्वतःच कापलं.

पुढचा तुकडा हाताचा. मुलाच्या मागे जमिनीवर दोन गाद्या, वर गोणपाट. मोबाईल जमिनीवर आडवा, डोळा आभाळाकडे. चौकटीत फक्त आभाळ, मुलाचा खांदा आणि काहीतरी धरायला वर गेलेला हात. तो मागे गादीवर बसतो. खरंच फक्त बसतो. चौकटीतून हात खाली निघून जातो आणि आभाळ उरतं. रिकामं आभाळ आठ चित्रं ठेवायचं. त्या आठ चित्रांतच मुलगा पडतो.

यानंतर सगळ्यांची इच्छा पाणी दाखवायची होती. हात गेला, पाणी उडालं. मी थांबवलं. आमच्या जुन्या विहिरींत कपारींमध्ये पारवे असतात. आत काही पडलं की ते भर्रकन सगळे एकदम वर येतात. ज्याचं बालपण विहिरीजवळ गेलं त्या प्रत्येक माणसाच्या मनात तो आवाज आहे. म्हणून एका मोठ्या माणसाने पाण्याने अर्धा भरलेला वीस लिटरचा कॅन दोर बांधून आत सोडला, दुसऱ्याने लांबून विहिरीचं तोंड आणि वरचं आभाळ धरलं. आधी आवाज, मग पारवे. हा तुकडा एकदाच मिळतो, पारवे तासाभराशिवाय परत येत नाहीत, त्यामुळे मोबाईल आधी पाच मिनिटं सुरू ठेवायचा. पाणी आम्ही त्याच्याही नंतर दाखवलं : विस्कटत जाणारी वर्तुळं आणि मधोमध तरंगणारी तुटक्या पट्ट्याची चप्पल. चप्पल दोऱ्याने बांधून सोडली होती, नंतर ओढून घेतली.

ती चप्पल सुरुवातीपासून दाखवली होती हे महत्त्वाचं. भांडणात पट्टा तुटतो, धावताना ती फटफट वाजते, शेवटी पाण्यावर ती एकटी असते. मिक्सिंगमध्ये सगळं जोडून ठेवणारी एखादी वस्तू लागते. ती वस्तू लिहिण्याच्या वेळीच ठरवावी. नंतर शोधत बसलं की ओढूनताणून आणल्यासारखी वाटते.

शेवटचा तुकडा भावाच्या चेहऱ्याचा. तो बागेत उभा आहे, आवाज ऐकून वळतो. त्याला 'घाबर' असं सांगितलं नाही. त्याला म्हटलं, लांबच्या झाडावर किती मोसंबी आहेत ते मोज. मोजणारा चेहरा बारीक ताणलेला असतो, ओठ किंचित हलतात. चप्पल पाहिल्यानंतर तो चेहरा आला की बघणाऱ्याला त्यात जे दिसतं, त्याचा मोसंबीशी काहीही संबंध नसतो.

दिशेचा मुद्दा इथे सांगायला हवा, कारण पहिल्या जोडणीत आमचा सगळा प्रसंग त्यानेच बिघडला होता. लांबच्या तुकड्यात मुलगा डावीकडून उजवीकडे धावत होता; पायांच्या तुकड्यात उजवीकडून डावीकडे. बघताना वाटलं की तो परत फिरला आणि वाचला. कबड्डी बघायला बसल्यावर आपण मैदानाच्या एका बाजूला बसतो. तिथून चढाई करणारा उजवीकडे जातो. मध्येच उठून समोरच्या बाजूला जाऊन बसलो तर तोच गडी डावीकडे जाताना दिसेल आणि कुठला संघ कुठला हे क्षणभर कळणार नाही. कॅमेऱ्यालाही मैदानाच्या एकाच बाजूला बसवायचं. उन्हाचंही तसंच. सकाळी दहाचा तुकडा आणि चारचा तुकडा जोडला तर सावल्या उलट्या पडतात, आणि पाहणाऱ्याला नक्की काय खटकलं ते सांगता येत नसलं तरी खटकतं जरूर. आम्ही सगळं दुपारी चार ते साडेपाचमध्ये घेतलं आणि मोबाईलच्या पडद्यावर बोट दाबून उजेड बांधून ठेवला, म्हणजे चौकटीत उजळ आभाळ आलं की चित्र आपोआप काळं होत नाही.

मारामारीच्या प्रसंगांत मुलांना सगळ्यात जास्त रस असतो, आणि त्यांत सगळ्यात जास्त लागतं. एका थपडेवर शिकलं की बाकीचं येतं. कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे, खांद्यावरून. मार खाणारा समोर. हात चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून आडवा जातो. मागून पाहणाऱ्या एका डोळ्याला ती वीत दिसत नाही. तळहात गालाच्या रेषेला आला की कापायचं. पुढचा तुकडा मार खाणाऱ्याचा, जवळून, आणि त्यात मान आधीच वळू लागलेली असायला हवी, हात गेला त्याच दिशेला. मध्ये दोन-तीन चित्रं जाणूनबुजून गाळायची. चालू हालचालीत कापलेला सांधा डोळ्याला सापडत नाही; हालचाल थांबल्यावर कापलेला लगेच सापडतो. हा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं. मोटरसायकलची धडक, काठीचा वार, सायकलवरून पडणं, सगळं याच हिशेबाने बसतं. गाडी घ्यायचीच तर ती उभी असताना घ्या. फिरणारं चाक स्टँडवर फिरवून जवळून घेता येतं.

थप्पड ऐकू मात्र यावी लागते, आणि इथे आमच्याकडच्या स्वयंपाकघरांनी मला जितकं दिलं तितकं कुठल्याही दुकानाने दिलं नाही. ज्वारीची भाकरी परातीत थापताना हाताचा जो आवाज येतो तो गालावरच्या चपराकीचा असतो. पीठ थोडं सैल मळलं तर आवाज ओला आणि जड येतो. तुराट्या मोडल्या की हाड मोडतं. शेंगदाण्याचं पोतं जमिनीवर टाकलं की माणूस पडतो. ही युक्ती जगभर चालते. १९६० च्या 'सायको'तल्या न्हाणीघराच्या प्रसंगात सुरीच्या वारांचा आवाज म्हणून हिचकॉकने खरबुजाच्या एका जातीच्या फळात सुरी खुपसून घेतली होती. पाऊण मिनिटाच्या त्या तुकड्यांच्या मालिकेला सात दिवस लागले होते.

आवाज चित्राच्या आधी येऊ द्यावा, असं मी आवर्जून सांगतो. विहिरीच्या प्रसंगात पाण्याचा आवाज रिकाम्या आभाळावर सुरू होतो. पाणी दिसतं त्याला त्यानंतर दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत ऐकणारा पाण्यापर्यंत पोचलेला असतो आणि चित्र त्याच्या मागून येतं. उलट केलं, तर आपण त्याला फक्त माहिती देतो. आणि मुलाची किंकाळी पूर्ण ठेवू नये. आम्ही ती 'आ'वरच तोडली. आधीचा बागेतला पक्ष्यांचा कलकलाट, पंपाची धडधड, तेही त्याच जागी बंद केलं. नंतर फक्त पंख.

साधनं नाहीत म्हणून रडणाऱ्या मुलांना मी मालेगावचं उदाहरण देतो. नासिर शेख यांनी २००० साली तिथे 'मालेगाव के शोले' केला, त्यातले डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. आठ वर्षांनी फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात तिथल्या पोरांची ही धडपड जगाला दाखवली. सायकल हा घोडा आहे हे त्यांनी लपवलं नाही, आणि पाहणाऱ्याने ते मान्य केलं. पाहणारा उदार असतो. त्याच्या उदारपणावर आपला हा सगळा उद्योग चालतो, म्हणून त्याला फसवायचं नाही.

याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. २०१८ साली एक व्हिडिओ मोबाईलवरून देशभर फिरला. गल्लीत मुलं खेळत आहेत, मोटरसायकलवर दोघे येतात, एका मुलाला उचलून पळतात. लोकांनी तो मुलं पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून पुढे पाठवला. तो कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला अभिनय होता. मूळ व्हिडिओच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक धरून आईबापांना सावध करतात. कुणीतरी तो शेवट कापला. बस्स, एवढंच केलं. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा गावोगाव पसरल्या, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षेसाठी आलेली. ही आठवण काढल्यावाचून मी एकाही मुलाला कापायला शिकवत नाही. ज्या सांध्यात आपला नारायण पळतो, त्याच सांध्यात माणूस मारलाही जातो.

म्हणून आमचे काही साधे नियम आहेत. प्रसंग कधीही सुटा पाठवायचा नाही. विहिरीचा तुकडा एकटा कुणाच्या गटात गेला, तर संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावात 'मुलगा गेला' अशी बातमी होते आणि कुणाची तरी आई धावत सुटते. चित्राच्या कोपऱ्यात 'नाट्यप्रसंग' हा शब्द पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत ठेवायचा, कारण सुरुवातीची पाटी कापता येते आणि शेवटचीही. उसातून बिबट्या आला असा प्रसंग मुलांना नेहमी करायचा असतो. कान टवकारलेला कुत्रा आणि हलणारा ऊस जोडला की तो सहज होतो, पण आमच्या गोदाकाठच्या पट्ट्यात बिबट्याची भीती खरी आहे, रात्री पाणी द्यायला जाणारी माणसं खरी आहेत. तो प्रसंग आम्ही करत नाही.

जोडणी झाल्यावर ती तयार आहे की नाही हे स्वतः ठरवता येत नाही. आपल्याला गाद्या माहीत असतात, दोरा माहीत असतो, त्यामुळे आपल्याला ते सगळं दिसत राहतं. ज्याने शूटिंग पाहिलेलं नाही अशा माणसाला दाखवावं, आणि त्या वेळी पडद्याकडे नाही, त्या माणसाकडे बघावं. मान कुठे पुढे आली, नजर कुठे खाली गेली, कुठे पदराशी चाळा सुरू झाला, तिथे तिथे कागदावर वेळ लिहावी. चाळा सुरू होतो ती जागा कापायची.

विहिरीचा प्रसंग आम्ही बागेच्या मालकाच्या आईला दाखवला. नव्वदीकडे झुकलेली आजी, ओसरीत खाटेवर. मोबाईल हातात धरून तिने शेवटपर्यंत पाहिलं. पारवे उडाले तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. चप्पल पाहून तिने मोबाईल खाली ठेवला. ज्याने पडायचं काम केलं होतं तो मुलगा तिच्या शेजारीच उभा होता, तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आगं माय," ती म्हणाली, "काढलं का न्हाई लेकराला वर?"

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. आमच्या गोष्टीत तो मुलगा बुडणार होता. दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही पुन्हा विहिरीवर गेलो आणि दोराचा तुकडा घेतला : ताणलेला दोर, दगडावर घासणारा, त्याला धरलेले चार हात, आणि काठावर टेकलेली ओली बोटं.